परसातल्या खोलीची केबल

तांबंआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी वायर खरवडायचे. चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं मागाहून. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक आखूड पात्याचा चाकू असायचा. कुठं वायरीचं सुटं टोक दिसलं की आप्पा तिथं उकिडवे बसायचे, आतली तार नखाएवढी खरवडायचे आणि उजेडाकडं धरून एक डोळा मिटून बघायचे. खरवडलेली जागा लालच राहिली तर तांबं. पांढरी चकाकली तर वरून तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. मग घरमालकाकडं बघून, कुणाची तरी मयत कळवावी तशा आवाजात म्हणायचे, "फसवलं की हो तुमास्नी." माझ्या चुलतभावाच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी आप्पा सापडेनात. शोधलं तर मांडवामागं मांडववाल्याच्या वायरीच्या बंडलाशी बसलेले, एका मुठीत अक्षता आणि दुसऱ्या हातात चाकू. मांडववाला बिचारा हात जोडून उभा होता.

निपाणीत आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीला लागून. आप्पांचे वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, पण आप्पांचा जीव लहानपणापासून तारेत. आधी रेडिओ, मग गल्लोगल्ली टीव्हीची केबल, मग छपरावरच्या डिशच्या छत्र्या आणि शेवटी घराघरातल्या नेटच्या लाईनी. कामं बदलत गेली, हट्ट तोच राहिला, की तांबं अस्सल पाहिजे. त्यावरून गावानं ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं की खरं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं. काकूसुद्धा, म्हणजे त्यांची बायको, रागात असल्या की "या, तांबंआप्पा, जेवायला या" असं म्हणायच्या. आप्पांना तो बहुमान वाटायचा.

माझी आणि त्यांची खरी गट्टी जमली ती माझ्या नोकरीमुळं. बेंगळूरच्या एका कंपनीला मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसं हवी होती. गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, समजूत घालायची, आणि हे सगळं घरी बसून. आमच्या सीमाभागात दोन भाषांचा असा फायदा क्वचितच कुणाला झाला असेल. आई आणि मी दोघीच घरात, त्यामुळं गाव सोडून जाणं मला शक्य नव्हतं आणि ही नोकरी म्हणजे देव पावल्यासारखीच होती. फक्त आमचं वायफाय ऐन वेळी दगा द्यायचं. समोरचा माणूस तावातावानं भांडत असायचा आणि माझा आवाज मध्येच गायब व्हायचा. त्याला वाटायचं, मी मुद्दाम फोन आपटला. दोनदा वरून समज मिळाली आणि मी रडकुंडीला येऊन भिंतीपलीकडं आप्पांना हाक मारली.

आप्पा आले ते रिकाम्या हातानं. मी म्हटलं, "आप्पा, केबल?" ते म्हणाले, "केबल घ्यायला आधी दुकानात जायाचं न्हाय पोरी. आधी घरात चालायचं." आणि खरंच चालले. दारातल्या नेटच्या डब्यापासून माझ्या टेबलापर्यंत पावलं मोजत गेले आणि मोजत परत आले. फ्रिज कुठं आहे, पाण्याच्या मोटरीची वायर कुठून गेलीय, दुपारचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, "तू हितंच बसणार न्हवं? धा वर्सांनी बी?" मी हसले. दहा वर्षांनंतरचं कुणी सांगावं? पण ते गंभीर होते. म्हणाले, "मानूस कुठं बसणार ते ठरल्याबिगर केबल ठरत न्हाय."

मी तोवर इंटरनेटवर बरंच ज्ञान मिळवलं होतं आणि सोनेरी टोकांची, जाळीदार आवरणाची, 'कॅट एट' म्हणतात ती केबल पसंत करून ठेवली होती. आप्पांनी फोटो बघितला आणि त्यांना हसू आवरेना. "नाकापेक्षा मोती जड! तुझं नेट शंभरच्या स्पीडचं. कॅट फाइव्ह-ई हजाराचं बी सहज वढती. रोज लिटरभर दूध घेणाऱ्यानं डेरीचा कॅन आनून ठेवायचा व्हय दारात?" मग आली साधी कॅट फाइव्ह-ई, पण अस्सल तांब्याची. भिंतीतून जायची ती एकसंध तारेची, आणि भिंतीपासून लॅपटॉपपर्यंतचा तुकडा मात्र बारीक तारांचा, मऊ, कारण तो रोज वाकणार. करंटच्या वायरीपासून ती हातभर लांब ठेवली. एके ठिकाणी दोघींची गाठ पडत होती, तिथं केबल काटकोनात ओलांडून नेली. "आडवी गाठ पडली तर चालतंय. सोबत चालाय नको, एकीचं बोलनं दुसरीत मिसळतंय," असं त्यांचं शास्त्र.

टोकाला पिन बसवताना आठ रंगांच्या तारा ओळीनं लावाव्या लागतात. आप्पा तो क्रम पुटपुटायचे, पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, असं शेवटच्या तपकिरीपर्यंत, डोळे अर्धे मिटून. आईला वाटलं, मंत्र म्हणताहेत. तिनं लगबगीनं डोक्यावर पदर घेतला. त्या दिवसापासून माझा आवाज एकदाही तुटला नाही. मी वायफायचं नाव काढलं की आप्पा म्हणायचे, "वायफाय म्हंजे ऐकीव गोष्ट. केबल म्हंजे डोळ्यानं बघितलेली."

कामाच्या बाबतीत आप्पांचे नेम ठरलेले. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून चारनंतर ते नवं काम हातात घ्यायचे नाहीत. उंदरांवर औषध घालू द्यायचे नाहीत. उंदरानं केबल कुरतडली तर दोष उंदराचा नाही, उघडी टाकणाऱ्याचा, असं म्हणून ते तेवढा भाग लोखंडी नळीतून न्यायचे. आणि चातुर्मासात जमीन उकरायची नाही, हा तर बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांपुढं घेतलेला नेम होता. पावसाळ्यात माती किड्यामुंग्यांनी भरलेली असते, कुदळीखाली किती जीव जातील याचा हिशेब कोण देणार? गिऱ्हाईक काकुळतीला यायचं, "आप्पा, दोन वीतच तर खनायचं हाय." आप्पांचं उत्तर ठरलेलं. "दोन वीत तुमास्नी. त्येंचं आख्खं गाव हाय ते." अशी कितीतरी कामं दिवाळीपर्यंत अडून राहायची आणि तरी लोक थांबायचे.

लोक थांबायचे याचं कारण आप्पांनी ओढलेली लाईन परत दुरुस्तीला येत नसे. चिकोडीपासून संकेश्वरपर्यंत त्यांच्या लाईनी होत्या. सांबऱ्याकडच्या एका बंगल्यात तर बेळगावातल्या दोन नामांकित माणसांना न सापडलेला दोष त्यांनी अर्ध्या तासात काढून दिला होता. फुशारकी त्यांच्या स्वभावात नव्हती, पण एक वाक्य मात्र ते मान ताठ करून म्हणायचे, "लाईन गेली म्हनून आजपातूर माझ्या दारात कोन आलं न्हाय." मला ते ऐकायला फार आवडायचं. आपल्या ओळखीत एक तरी माणूस असा असावा, की ज्याला आपलं काम येतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा सन्मती बेंगळूरला नोकरीला होता. लॉकडाऊन लागला आणि तो पाठीला बॅग लावून घरी आला. आप्पांच्या घरामागं परस आहे, परसापलीकडं एक खोली. पूर्वी तिच्यात तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाली पोती, असायची. आप्पांनी ती धुऊन पुसून, रंग देऊन सन्मतीला बसायला दिली. नेटचा डबा पुढच्या सोप्यात आणि मुलगा मागच्या खोलीत, मधे परस. त्या वाटेसाठी त्यांनी कॅट सिक्स आणली, उन्हापावसात टिकणारी, काळ्या आवरणाची, आणि कुंपणाच्या भिंतीवरून सरळ रेघ मारल्यासारखी नेली. मला फाइव्ह-ई आणि पोराला सिक्स, असं म्हणून मी चिडवलं. आप्पा लाजले. "तो हितंच ऱ्हायला तर? फुडचा बी इचार कराय पायजे," असं म्हणाले.

सन्मती दोन वर्षं राहिला. ती दोन वर्षं आप्पा चालत नव्हते, तरंगत होते. काकूंच्या स्वयंपाकघरातून रोज काहीतरी नवा वास यायचा. सकाळी अकराला सन्मतीची मीटिंग सुरू झाली की आप्पा पाण्याची झारी घेऊन परसात जायचे आणि एकाच तुळशीला अर्धा तास पाणी घालायचे. आत सन्मती भराभरा इंग्रजीत बोलत असायचा. एकदा मी गच्चीवरून विचारलं, "काय आप्पा, कळतंय काय काय बोलतोय ते?" आप्पांनी तोंडावर बोट ठेवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कळत न्हाय गं. पन आवाज तुटत न्हाय, बघ."

मग एका संध्याकाळी सन्मती आमच्या गच्चीवर आला. मला तो आक्का म्हणतो, लहानपणी माझ्याकडं शिकायला यायचा. कठड्याला टेकून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "आक्का, मला जायचंय." मी विचारलं, ऑफिसनं बोलावलंय का? तर तसं काही नव्हतं. ऑफिस म्हणत होतं, कुठूनही काम कर. "मलाच हितं राहवत न्हाय गं. भांडण न्हाय, काय न्हाय. सगळी लई चांगली हाईत. पण मी कधी उठलो, काय खाल्लं, कुणाशी बोललो, सगळं सगळ्यांना ठाऊक. जीव गुदमरतोय माझा." त्याचा राग यावा असं त्यात काही नव्हतं. तिशीतल्या माणसाला आपलं आयुष्य आपण जगावंसं वाटणारच. मी म्हटलं, मग सांग की आप्पांना. तो म्हणाला, "कसं सांगू? तुमच्याजवळ राहायचं न्हाय, असं सांगू? त्यापेक्षा नेट जातंय म्हणून सांगतो. त्येंना पटंल. त्येंनी तुला विचारलं तर तू बी हो म्हण."

मी हो म्हटलं. किती सहज म्हटलं, याची आज लाज वाटते. मला वाटलं, कुणाचं मन मोडण्यापेक्षा केबलीवर दोष ढकललेला बरा, केबलीला कुठं वाईट वाटतंय? पण ती केबल कुणी ओढलीय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सन्मतीच्या तर त्याहून नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा आमच्या दारात आले. चेहरा असा, की घरात कुणी आजारी आहे. आमची आणि त्यांची लाईन खांबावरच्या एकाच डब्यातून येते. त्यांनी विचारलं, "पोरी, तुझं बी नेट जातंय काय गं?" मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "कधी कधी जातंय, आप्पा."

सन्मती आठवड्याभरात गेला. जाताना म्हणाला, "आप्पा, लाईन नीट झाली की येतो." असलं वाक्य माणूस गाडीत बसता बसता बोलतो आणि गाडी वळणावर गेली की विसरतो. आप्पांनी ते काळजावर कोरून घेतलं. त्याच दुपारी त्यांनी परसातल्या केबलीची दोन्ही टोकं कापून नव्या पिना बसवल्या. तपासायच्या यंत्रावर आठही दिवे ओळीनं लागले. आप्पांनी यंत्र बंद केलं, परत लावलं. आठच्या आठ. ते यंत्रच खोटं बोलतंय असं ठरवून त्यांनी बेळगावहून दुसरं आणलं.

पुढच्या सात-आठ महिन्यांत त्यांनी त्या खोलीची केबल तीनदा बदलली. मला दुधाच्या कॅनवरून हसलेला माणूस आता स्वतः जाड, धातूच्या आवरणाची, भुईत अर्थिंग दिलेली केबल आणत होता. आधी कुंपणाच्या भिंतीवरून, मग छपराखालून, मग माडाच्या खोडाला वळसा देऊन. प्रत्येक वेळी काम झालं की मोबाईलवर नेटचा वेग मोजायचे आणि त्याचा फोटो सन्मतीला पाठवायचे. पलीकडून अंगठा यायचा. आप्पा मला तो अंगठा दाखवायचे. "बघ, बेस हाय म्हंतोय." मी बघायचे. मग काही दिवसांनी फोनवर विचारायचे, कधी येतोस? आणि सन्मतीला काहीतरी सांगावं लागायचं, म्हणून तो सांगायचा की मागं पावसातच जास्त जात होतं, पावसाळ्यात काय होतंय बघू. खोट्याला खोट्याचा टेकू. मी त्याला फोन करून भांडले. तो रडवेला झाला. "आक्का, आता कुठल्या तोंडानं सांगू? आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं." ते खरंच होतं, आणि ते मलाही तितकंच लागू होतं.

पावसाळा आला. पावसात जातंय म्हटल्यावर केबल जमिनीखालून न्यायला हवी, आप्पांच्या शास्त्रात दुसरं उत्तर नव्हतं. आणि चातुर्मास सुरू झालेला. चार दिवस ते परसाच्या पायरीवर नुसते बसून होते. पाचव्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर आप्पा चिखलात गुडघ्यावर बसून खुरप्यानं माती उकरत होते. एका हातात खुरपं आणि दुसऱ्या हातात रंगाचा मऊ कुंचला. आधी कुंचल्यानं मुंग्या बाजूला सारायच्या, मग बोटभर माती काढायची, परत कुंचला. मध्येच ते थबकले. खुरप्याखाली गांडूळ आलं होतं. आप्पा तसेच बसून राहिले, हात मांडीवर टाकून. वरून भुरभुर चालू होती. काकू मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि एकच बोलल्या, "यायचंच असतं तर चिखलातनं बी आलं असतं पोरगं." आप्पांनी खुरपं उचललं आणि पुढं उकरायला लागले.

मी कपड्यांची बादली तिथंच टाकून खाली आले. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर आता घास गिळवेना. महाराजांपुढं घेतलेला तीस वर्षांचा नेम त्या माणसानं मोडला होता, तो माझ्या तीन-चार शब्दांपायी. तरीही मी त्या दिवशी गेले नाही. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. नेम मोडल्याबद्दल आप्पांनी पुढं किती उपास केले, कोण जाणे. काकू सांगायच्या, आज बी जेवले न्हाईत, आणि मी विषय बदलायचे.

त्याच सुमारास आप्पा कामं नाकारायला लागले. आधी लांबची, मग गावातली. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "दुसऱ्या कुनाला तरी बघा." एक दिवस शेजारच्या गल्लीतले गुरुजी फार मागं लागले, तेव्हा मी तिथंच होते. आप्पा म्हणाले, "गुरुजी, ज्याच्या घरातली लाईन जातीया त्येनं दुसऱ्याच्या घरात केबल वढू ने. फसवल्यागत हुतंय ते." गुरुजी हसले, त्यांना वाटलं आप्पा गंमत करताहेत. मी हसले नाही. वायरीचं टोक बघितलं की जागच्या जागी बसणारा माणूस आता वायरीकडं बघायचंच टाळत होता. दुकानदार काही दाखवायला आला तर आप्पा म्हणायचे, चष्मा घरी राहिला.

शेवटी दिवाळीच्या आधी मी सांगितलं. आप्पा सोप्यात बसून जुन्या केबलीचं वेटोळं करत होते, काकू बस्तीत गेल्या होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. "आप्पा, तुमच्या लाईनीत कधीच दोष नव्हता. माझं नेट एकदाही गेलं नाही. सन्मतीचंही नाही. त्याला जायचं होतं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्यानं केबलीचं नाव घेतलं, आणि मी हो म्हटलं. मी खोटं बोलले, आप्पा." मला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

त्यांनी वेटोळं पुरं केलं, दोरी बांधली. मग म्हणाले, "गेली आसंल गं. तुला आठवत नसंल."

"नाही गेली, आप्पा. एकदाही नाही."

"सुम्म बस पोरी," ते म्हणाले, अगदी हळू. कन्नडमधलं हे गप्प बस ते लहान मुलांना म्हणायचे. बराच वेळ त्यांनी त्या वेटोळ्यावरून हात फिरवला. "केबल खराब हाय म्हटलं तर पोरगं एक दिवस यील, हे तरी ऱ्हातंय. केबल चांगली हाय म्हटलं तर मग काय ऱ्हायलं? मला काम येत न्हाय, एवढंच न्हवं? नसू दे येत." मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "हे तुझ्या काकूला सांगू नगंस. त्येला बी मला कळलंय म्हनून सांगू नगंस, त्येला लाज वाटंल आन् फोन बी करायचा न्हाय. कुनी इचारलं तर लाईन जात हुती म्हन. एवढं कर माझं."

त्याला आता दोन वर्षं होतील. सन्मती सणासुदीला येतो, दोन दिवस राहतो, परसातल्या खोलीत झोपतो. नेट कसं आहे हा विषय त्या घरात तिघंही काढत नाहीत. आप्पा शेजारीच आहेत, तब्येतीनं बरे आहेत, वेळेवर जेवतात, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. गावातली नवी माणसं त्यांना नुसतं आप्पा म्हणतात. तांबंआप्पांबद्दल हे सगळं 'होते, होते' असं मी लिहिलं, त्याचं कारण इतकंच की ते आता नाहीत, आणि हे मी शेजारच्या आप्पांना सांगू शकत नाही.

गेल्या महिन्यात संकेश्वरकडचे एक उसाचे शेतकरी त्यांना शोधत आले. चुकून आमच्या दारात आले म्हणून मी त्यांना शेजारी घेऊन गेले. हातात केबलीचं खोकं होतं. मुलगी हुबळीची नोकरी घरूनच करणार, आता इथंच राहीन म्हणते, असं ते कौतुकानं सांगत होते. "लाईन तेवढी चांगली पायजे म्हंती. दुकानदारानं ही दिली, पन म्हटलं तुमच्या नजरंखालनं घालावी. अस्सल हाय न्हवं, आप्पा?" आप्पांनी खोकं हातात घेतलं. तांब्याचं खोकं जड लागतं आणि मुलाम्याचं हलकं, उघडायचीही गरज पडत नाही, हे त्यांनीच एकदा मला दाखवलं होतं. त्यांनी ते जरा जास्तच वेळ हातात धरलं, आणि ते त्यांना जड लागलं की हलकं, हे मला कळलं नाही. मग त्यांनी ते पाहुण्याच्या हातात परत दिलं.

"मला केबलीतलं काय कळत न्हाय," आप्पा म्हणाले.

"आसं कसं? सगळा मुलूख तुमचं नाव सांगतोय की."

"माझ्याच घरातली लाईन जात हुती. पोरगं कटाळून बेंगळूरला गेलं. ह्या पोरीला इचारा, हिला ठाव हाय."

पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं. आप्पांनीही बघितलं. मी म्हटलं, "व्हय. लई जात होती."

पाहुणे खोकं काखेत मारून गेले. आप्पांनी माझ्याकडं बघत मान हलवली, एखाद्याचं काम मनासारखं झालं की हलवावी तशी, आणि म्हणाले, "बस, च्या घिऊन जा."